पटेलाची पाठ

३ फेब्रुवारी

आज जगित्यालला आले. काम छान मिळालं, जंगारेड्डी पटेलाकडं स्वयंपाकाचं. मागं खोली, खोलीत पंखा. सून वसंतम्मा बरी आहे. म्हणाली, भाकऱ्या पातळ कर, बाकी तुझं तू बघ.

दवाखान्यातल्या पोरीनं ही वही दिलीय. रोज किती चालले, कुठं दुखलं, लिहायचं. लिहिते. एका दमात बावीस पावलं. मग कंबरेतून कळ निघते ती डाव्या टाचेपर्यंत. चप्पल कधी निसटली कळत नाही. डॉक्टर म्हणतो, वीस वर्षं विड्या वळत बसलीस, मणके दबले. त्याला काय कळतंय.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. म्हणून गावात रोज सकाळी ह्याच पटेलाच्या पाठीला मी लाथ लावायची. आई हात धरून न्यायची, नाही म्हणायची सोय नव्हती. सहा वर्षं. त्याची उसण उतरली. उतरून कुणात गेली, कुणी विचारलं नाही. आज ऐंशीचा म्हातारा काठीशिवाय अंगणात फिरतो. मला ओळखलं नाही. बरंच झालं.

६ फेब्रुवारी

त्याची उसण त्याला परत कशी द्यायची मला ठाऊक आहे. त्याचा पाय माझ्या पाठीला लागला पाहिजे. पटेलाला लाथ मारायला लावणं काय अवघड? पच्चिपुलुसूत मीठच घातलं नाही. त्यानं वाटी फेकली. सांडलेलं चिंचेचं सार पुसायला वाकले, तशी लाथ बसली कंबरेत.

वसंतम्मा कानकोंडी झाली. "अक्का, मनावर घेऊ नकोस. जुनं खोड आहे."

म्हटलं, "मारू दे गं. माझं काही बिघडत नाही."

साठ पावलं.

११ फेब्रुवारी

भाकरी करपवली. दोन लाथा. बाजारातून आंबाडी आणली, कुठं न टेकता. म्हातारा डावा पाय घासत चालतो. काठी आणली त्याला. दारात उभी राहून पोटभर बघितलं.

१५ फेब्रुवारी

आज लाथ मारताना तोच पडला. उठत नाही. कळ आली की ओरडतो. हजार पावलं मोजली, मग मोजणं सोडलं. उद्या निघते.

१६ फेब्रुवारी

निघाले. स्टँडच्या रस्त्यावरून पाय मागं वळले. मी नाही वळवले. थेट त्याच्या खोलीत. पालथा पडला होता, सदरा वर केलेला.

मान न वळवता म्हणाला, "ये गं पायाळू. आता मोठी झालीस, रडायचं नाही."

चौकट धरून राहिले.

१७ फेब्रुवारी

पुन्हा. सकाळ झाली की पाय आपले आपण उठतात — त्यानंच वळण लावलेले — माझे कधी नव्हतेच. डावा उचललाही होता. वसंतम्माला सांगितलं. म्हणाली, मामय्यांना लाव ना एकदा पाय, तेवढंच पुण्य.

१८ फेब्रुवारी

पाय लुगड्यानं खाटेला बांधलेत. गाठ सुटतेय. तिकडून हाका — लाडानं —

पाय त्याच्या पाठीला टेकला की सगळं परत माझ्या कंबरेत. नाही. ह्या वेळी नाही.

विळी ओढून घेतलीय. माझा नाही तर नाही, पण त्यालाही हा पाय मिळू देणार नाही —