एक्केचाळिसावी ओळ

११ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा बंद पडलं! आज पाचव्यांदा! तिसऱ्या पानावर 'पुढे' दाबलं की ॲप गायब — मागे नुसता मोबाईलवरचा बाबांचा फोटो.

आई दोन्ही हातांनी मोबाईल धरून बसलेली. "माह्या बोटाले पाणी लागलं असन वं." आणि मी तिच्यावरच खेकसली — "एवढ्या जोरानं काहून दाबते?" आता लाज वाटून राहिली. ती कुठं जोरानं दाबत होती!

राग याचा की हे ॲप आमच्याच कंपनीचं आहे. नागपूरच्या ऑफिसचं तोंड मी दोन वर्षांत चारदा पाहिलं असेल, काम इथूनच, एकोडी गावातल्या घरातून. मासेमारी संस्थांचे सभासद नोंदवायचं हे ॲप आम्ही आठ जणांनी बनवलं. बाबा एप्रिलमध्ये गेले. तलावातला त्यांचा वाटा आईच्या नावानं व्हायचा असेल तर ३० तारखेच्या आत याच ॲपमधून अर्ज जायला पाहिजे. कागदावरचा अर्ज चालत नाही म्हणे. आणि माझ्याच कंपनीचं ॲप माझ्याच आईला पुढं जाऊ देत नाही!

१२ ऑगस्ट, मंगळवार

टीमचे प्रमुख कमलेश सर, त्यांना ॲप पडल्याची नोंद — लॉग — पाठवला. चार मिनिटांत उत्तर — "युजर एरर. तक्रार बंद." उघडून तरी पाहिला का?

१४ ऑगस्ट, गुरुवार

आईसोबत संस्थेत गेली. अध्यक्ष वासुदेवराव खुर्चीवर रेलून म्हणतात — "बाईमाणसाले नाही जमत तं कायले त्रास देता तिले? श्रावणच्या नावानं लावून टाका वाटा. दीर काय परका हाय?" श्रावणकाका तिथंच तंबाखूचा खर्रा घासत बसला होता. हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही!

बाबांची जाळी कोण विणत होतं? मासे टोपल्यात घेऊन साकोलीच्या बाजारात कोण बसत होतं, वीस वर्षं? वाटा मात्र दिराचा.

आई घरी येताना एवढंच म्हणाली, "जाऊ दे ना, बाई." मी म्हटलं, "काही जाऊ द्यायचं नाही. थांब तू. मी पाहते."

१६ ऑगस्ट, शनिवार

लॉगकडे पाहून डोकं फुटायची वेळ आली. ॲप बंद पडताना कुठं पडलं ते लिहून ठेवतं, पण काय लिहिलं आहे? 'ए डॉट बी. सी डॉट ए. जागा अज्ञात.' ॲप बाहेर देताना आपणच सगळी नावं आखडून ए-बी-सी करतो, आकार लहान व्हावा म्हणून. कोणत्या ए-चं खरं नाव काय, कोणत्या फाइलमधली कितवी ओळ, हे सगळं मॅपिंग फाइलमध्ये असतं. प्रत्येक आवृत्तीची वेगळी फाइल. ती जोडली की लॉग माणसाला वाचता येतो.

लोकांच्या मोबाईलमध्ये आहे ती आवृत्ती ३.२ — आणि ३.२ ची फाइल सर्व्हरवर नाही! आमच्या टीममधल्या लिलाधरनं ती आवृत्ती स्वतःच्या लॅपटॉपवर बनवली, जूनमध्ये. शेवटचे बदल सर्व्हरवर टाकले नाहीत, मॅपिंग ठेवली नाही, आणि नोकरी सोडून गेला. माझ्याकडच्या कोडमध्ये हेच पान झकास चालतं. मी डोकं आपटू कुठं?

कमलेश सर म्हणतात, "कोणती ओळ ते दाखव, दोन दिवसांत नवीन आवृत्ती सोडतो. अंदाजावर नाही."

लिलाधरला नऊ फोन केले. उचलत नाही. दोन वर्षं एका टीममध्ये काम केलेला माणूस! बेजबाबदार, पळपुटा, आणखी काय लिहू.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बंद केलेल्या तक्रारींची यादी काढली. हीच तक्रार त्रेचाळीस जणांची. लाखनी, तुमसर, पवनी, सगळीकडची. नावं वाचत गेली — सीताबाई, देवकाबाई, रुखमा... एकही पुरुष नाही!

मीटिंगमध्ये सांगितलं. कमलेश सर हसले. "लेडीज लोकांना टेक्नॉलॉजी थोडी जड जाते ना." मग मी कोण आहे इथं? हे त्यांना ऐकवायचं होतं. ऐकवलं पण. माइक बंद होता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. यंदा घरात गोडधोड नाही. लिलाधरचा पत्ता मिळाला — लाखनीला हायवेवर भावासोबत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. उद्या जाते. काय काय बोलायचं ते सगळं पाठ करून ठेवलं आहे!

२३ ऑगस्ट, शनिवार

आल्या आल्या लिहिते.

साकोलीवरून एस.टी. पकडून लाखनी. दुकान म्हणजे ट्रक थांबतात तिथली एक टपरी. लिलाधर डोळ्याला भिंग लावून कोणाच्या तरी मोबाईलचा चार्जिंग पॉइंट बदलत होता. मला पाहिलं, पण भिंग काढलं नाही.

"शिव्या द्याले आली का फाइल न्याले?"

"दोन्ही!"

आणि दिल्या पण. तुझ्यामुळं त्रेचाळीस बाया अडकल्या, तुझ्यामुळं माझी आई स्वतःला अडाणी समजून राहिली, तुला जाताना एक फाइल ठेवता आली नाही का? बाजूचे ट्रकवाले वळून पाहायला लागले. त्यानं हातातला मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाला — "पाच मिनिटांच्या कॉलवर काढलं मले. ३.२ बाहेर गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. कॉल संपला तं माझा पासवर्ड बंद. कोणी विचारलं का, बाबा, तुझ्याजवळ काय काय राहिलं? लॅपटॉप माझा, घर माझं, वीज माझी. नोकरी तेवढी त्यायची."

हे मला माहीत नव्हतं. आम्हाला सांगितलं होतं, तो सोडून गेला.

त्यानं गल्ल्याखालून जुना लॅपटॉप काढला. फाइल होती! मी लॉग दिला. त्यानं दोन्ही जोडले, एंटर दाबलं. ए-बी-सी गेलं आणि खरी नावं एकाखाली एक उघडली. तो वाचत गेला. वरच्या ओळीवर थांबला.

"सांग ना! कोणाची ओळ?"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "तूच वाच."

तिसऱ्या पानानंतर दिसणाऱ्या सभासदाच्या कार्डावर फोटोच्या जागी एक रंगीत चकती येते. तिच्यात दोन अक्षरं — एक स्वतःच्या नावाचं, एक नवऱ्याच्या किंवा बापाच्या. नुसती शोभा! त्या चकतीची फाइल. ओळ एक्केचाळीस — नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढा. जूनमध्ये मासेमारी संस्थांच्या जिल्हा संघानं सांगितलं म्हणून लिलाधरनं 'पती मयत' अशी खूण टाकली. ती केली की नवऱ्याचं नाव रिकामं होतं. रिकाम्या नावातून पहिलं अक्षर काढायला गेलं की ॲप पडतं. म्हणजे प्रत्येक विधवेचं पडतं. फक्त विधवेचं.

फाइलच्या वर लिहिणाऱ्याचं नाव. माझं. १३ फेब्रुवारी.

नाव रिकामं असलं तर? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तेव्हा बाबा होते.

लिलाधरनं चहा मागवला. मी पिला नाही. त्यानं फाइल आणि जूनचे बदल भरलेला पेनड्राइव्ह हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "होते असं. दोन शब्दांची दुरुस्ती हाय." तो चिडला असता तर बरं झालं असतं!

२५ ऑगस्ट, सोमवार

दुरुस्ती केली. खरंच दोन शब्दांची.

कमलेश सरांचा फोन — "शाब्बास! असं कर ना, दुरुस्तीच्या अहवालात कारण म्हणून लिलाधरचं नाव टाक. 'पती मयत' त्यानंच टाकलं ना? तो तर गेला. त्याले काय फरक पडते यार?"

दोन दिवस स्वतःवर दात-ओठ खाल्ले, आज ते सगळं बाहेर पडलं. फोन ठेवला. सगळ्यांना मेल लिहिला — कंपनी, जिल्ह्याचा संघ, लिलाधर. "एक्केचाळिसावी ओळ माझी आहे. लिलाधरची नाही. त्रेचाळीस बायांपैकी एकीचीही नाही. तक्रारी न वाचता बंद केल्या गेल्या." शेवटचं वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. पाठवला!

नोकरी राहील की जाईल, पाहू. आईला अजून सांगितलं नाही. कसं सांगू?

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी नवीन आवृत्ती सुटली. पाच वाजेपर्यंत एकोणीस जणींचे अर्ज गेले. पवनीच्या देवकाबाईंचा पण. आईच्या मोबाईलवर अजून आली नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी आली. आईला बाजूला बसवून मी स्वतः अर्ज भरला. तिसरं पान पार झालं. पडलं नाही! चौथ्या पानावर लाल अक्षरं — 'हा वाटा २१ ऑगस्ट रोजी वारसाच्या लेखी संमतीने श्रावण यांच्या नावे करण्यात आला आहे.'

"सही कोणी केली?"

"मीच केली वं. तू कॉलवर होती तं वासुदेवराव कागद घेऊन घरी आले होते," आई म्हणाली. "म्हटलं, ॲप तं माह्या पोरीनं बनवलं. ते कसं चुकन?"