पौर्णिमेची ओहोटी

गिरगाव, २० नोव्हेंबर २०२५

चि. गुणाजी यास राधाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या बोटीचा परवाना रद्द करण्याची नोटीस वाचली. पाणी निर्मळ आहे, मासे मेले ते तुम्ही कोळ्यांनी विष टाकल्यामुळे, असा अहवाल. खाली तपासणी अधिकारी म्हणून सही जयवंतची! आपला मावसभाऊ, माझ्याच कॉलेजात माझ्याकडे रसायनशास्त्र शिकलेला, तुझ्या घरी पापलेट चापणारा.

तू पहाटे भरून आणलेल्या बाटल्या मी तपासून घेतल्या. गटारांतून अमोनिया आणि फॉस्फेट येतं. आपला उपसागर तीन बाजूंनी बंद, पाणी लवकर बदलत नाही. त्या घाणीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती माजल्या, म्हणून पाणी हिरवंगार. दिवसा त्या प्राणवायू सोडतात, अंधारात तो स्वतःच संपवतात. पहाटे माशांना उरला लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. गुदमरले बिचारे.

आता मजा ऐक. नमुना ओहोटीत घ्यायचा असा नियम आहे, कारण घाण तेव्हाच कळते. जयवंत लिहितो, पाच नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता, पूर्ण ओहोटीत घेतला. त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती! पौर्णिमेला भर दुपारी ओहोटी? तेव्हा तर आपल्याकडे पूर्ण भरती असते! कोळणीचा मुलगा असून तारीख बघतो, तिथी बघत नाही.

चार डिसेंबरला तुझ्या परवान्याच्या सुनावणीला मी येणार. बांगडा साफ करतात तसा त्याला चारचौघांत साफ करणार.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

माहीम कोळीवाडा, २६ नोव्हेंबर

ती. राधाताईस गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

काल जयवंत घरी आला, रडला. म्हणतो, अहवाल गुपचूप मागे घेतो, परवाना सुटेल, फक्त सुनावणीत ताईला उभी करू नको. त्याच्या आईचा, लक्ष्मीमावशीचाही फोन आला. आपली आई गेल्यावर तिनेच आपल्याला वाढवलं, याची आठवण दिली.

मला माझी बोट मिळाली की पुरे गं. कॉलेजातल्या पोरी तुला ॲसिड म्हणायच्या ते काय उगीच? सोड त्याला एकदा.

सुके बोंबील पाठवलेत. रागावलीस तरी खा, आणि माया राहू दे.

तुझा गुणाजी

गिरगाव, ५ डिसेंबर

चि. गुणाजीस आशीर्वाद, वि. वि.

काल तू मान खाली घालून बसलास, म्हणून मीच सांगते. मी जयवंतला एवढंच विचारलं, की पाच तारखेला तिथी कोणती होती. तो अहवालात तिथी शोधायला लागला. मागे बसलेल्या कोळणींनी एका सुरात सांगितली आणि मग ज्या हसल्या! सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी भरतीचा तक्ता मागवला. बाराला भरती. शेवटी कबूल झाला, समुद्रावर गेलोच नव्हतो, आकडे खुर्चीत बसून लिहिले.

तुझा परवाना वाचला. त्याची सही आता कुठे चालायची नाही. मावशीने मला दार बंद केलंय. करू दे. त्याने अहवाल गुपचूप मागे घेतला असता, तर विष घालणारे म्हणून तुम्ही जन्मभर ऐकलं असतंत.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. कॉलेजच्या परीक्षेत त्याने समुद्राचं पाणी म्हणून नळाचं पाणी भरून आणलं होतं, वर चमचाभर मीठ घालून. मी ओळखलं, आणि घरचा मुलगा म्हणून पास केला. सोडायचं ते मी तेव्हाच एकदा सोडलंय, गुणाजी. पुन्हा सांगू नकोस.

लोभ ठेव. ठेववत नसेल तर तसं कळव.

राधाताई