मिरगाच्या आत एक जेवण

॥ श्री ॥
कसबा बावडा, कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अप्पांस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. परवा तुम्हाला ऐकू जावं म्हणून मी फोनवर इतकी ओरडले की शेजारच्या काकू भांडण सोडवायला आल्या. एवढं करूनही तुम्हाला ऐकू गेलं ते तुमच्या सोयीचं तेवढंच. तेव्हा आता पत्रच. कागदाला ऐकू येत नाही असं तुम्हाला म्हणता यायचं नाही.

दिवाळीच्या आधी तुम्ही गुडघा धरून बांधावर दोन तास बसून होतात, आणि हे मला वहिनीकडून कळलं. अव्वा गेल्यापासून त्या घरात तुम्ही एकटे. बाळासोदादा पुतण्या असून मुलासारखं शेत बघतो, वहिनी दोन्ही वेळचं जेवण आणून देते, सगळं खरं. पण पावसाळ्यात आपल्या अंगणात शेवाळ धरतं आणि तुम्ही काठी घ्यायला तयार नाही. म्हणून म्हटलं, आमच्याकडे कायमचं राहायला या. तर तुम्ही अट घातलीत, की जूनमधल्या मिरगाच्या आत तुझ्या गच्चीवर पिकलेल्या भाजीचं एक पोटभर जेवण वाढ, त्यात बाजारातलं एक पान नको, मग येतो. मी हरावं म्हणूनच ही अट घातलीत, हे मला तेव्हाच कळलं. ऊसवाल्याची लेक असून बँकेच्या परीक्षांच्या नादात माझ्या हाताला माती लागली नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

पण मी क्लास लावलाय. दर रविवारी निशिगंधाताई म्हणून एक बाई गच्चीवरची बाग शिकवतात. पहिल्या दिवशी दीड तास फक्त ओला कचरा आणि सुका कचरा यावर बोलल्या. त्यापुढे आमच्या घरात कांद्याची साल टाकून द्यायची सोय उरली नाही. तुमचे जावई विचारत होते, की सालीला हळदकुंकू वाहायचं का. सोसायटीचे सेक्रेटरी विजयसिंह यांनी गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा दिलाय, पण पाणी गळता कामा नये आणि कोणाची तक्रार येता कामा नये, या अटीवर. अटी घालणारी माणसं सगळी माझ्याच वाट्याला.

तुमचा जीव माझ्यावर आहेच. तो अटीशिवाय असावा, एवढंच मागणं.

तुमची
शिवांजली


गडहिंग्लज
३ डिसेंबर २०२४

चि. सौ. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचून झालं, एकदा मी मनात आणि एकदा बाळासोने ओट्यावर बसून मोठ्यानं. त्यामुळे गल्लीला जे फोनवरून कळायचं ते आता पत्रातून कळतं.

साठ वर्षं मी शेत केलं, पण शेती शिकायला क्लासला बसणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. तुझा कोपरा किती मोठा ते लिहिलं नाहीस. लिहूही नकोस, तेवढ्या जागेत आपला बैल वळायचा नाही. वांग्याच्या रोपाला नारळाचा भुसा घालतात असं तू फोनवर ओरडून सांगितलंस, ते बाळासोला सांगितलं, तर म्हणाला, की काका, ती भाजी लावतीया का गादी भरतीया? मी त्याला दटावलं, पण हसलो मीही.

आता एक गोष्ट नीट ऐक. तू साखर कारखान्याच्या गावात राहतेस आणि खताला कांद्याची साल गोळा करतेस, याला काय म्हणावं? उसाचा रस गाळला की खाली जो काळा चोथा राहतो, ती मळी. पिकाला तिच्यासारखं खाद्य नाही. सध्या गळीत चालू आहे, ट्रॉल्या भरून बाहेर पडत असेल. आणून सढळ हातानं घाल. क्लासच्या बाईंना विचारत बसू नकोस, त्यांनी मळी पाहिलेली नसणार.

गुडघा ठीक आहे. अट मात्र कमी होणार नाही. चार भिंतींत टीव्हीसमोर बसवून ठेवायला मी काही घड्याळ नव्हे.

जावई गुरुसिद्धरावांना आशीर्वाद. माया इथं भरपूर आहे, पत्रं थांबवलीस तरच आटेल.

अप्पा


कसबा बावडा
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप अप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमची मळी आणली. सढळ हातानं घातली. आता काय झालं ते ऐका.

अर्धी माती, अर्धी मळी करून चौदा टब भरले. मेथी पेरली, टोमॅटोची आणि वांग्याची रोपं लावली. निशिगंधाताईंना विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला होतात. तिसऱ्या दिवशी टबाला हात लावला तर चहाच्या भांड्याएवढा गरम. चौथ्या दिवशी रोपं पिवळी पडून आडवी झाली. पाचव्या दिवशी वास सुटला. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. विजयसिंह नाकाला रुमाल लावून वर आले आणि विचारू लागले, की वहिनी, टाकीत काय मेलंय का बघायला पायजे. माणूस बोलावून त्यांनी पाण्याची टाकी उपसायला घेतली, तेव्हा मात्र कबूल केलं. त्यानंतर सगळ्या जिन्यात जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही. पुन्हा एकदा वास आला तर कोपरा बंद, असं त्यांनी बजावलं आहे.

चौदा टब आम्ही दोघांनी खाली उतरवले. तुमचे जावई प्रत्येक टबाला तुमची आठवण काढत होते. निशिगंधाताईंना सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, ताजी मळी स्वतःच तापते, ती आधी कित्येक महिने ढीग घालून कुजवायची असते. हा सल्ला कोणी दिला म्हणून विचारलं. मी सांगितलं, साठ वर्षं शेती केलेल्या माणसानं.

आता पहिल्यापासून सुरू. ताईंचं माप असं: एक भाग माती, एक भाग नारळाचा भुसा, एक भाग घरचं कुजलेलं खत. टबाला भोकं तळाला न पाडता तळापासून दोन बोटं वर, बाजूला पाडायची, म्हणजे थोडं पाणी खाली साठून राहतं. तुम्हाला हसायला म्हणून सविस्तर लिहिलं. मिरगाला पाच महिने उरलेत आणि माझ्याजवळ एक पान नाही, अप्पा.

रागावले आहे, तरी पाया पडते.

शिवांजली


गडहिंग्लज
१५ जानेवारी २०२५

चि. सौ. शिवांजलीस,
संक्रांतीचे आशीर्वाद. तिळगूळ बाळासोबरोबर येईल तेव्हा खा आणि मळीचं सोडून दुसरं काहीतरी बोल.

चूक माझी. मळी ढिगाला घालून मुरवायची हे आमच्यात कोणी कोणाला सांगत नाही. दूध तापवून घे असं सांगावं लागतं का, तसंच ते. पण तू त्यातली नव्हेस हे मी विसरलो. तुझी रोपं माझ्यामुळे गेली. विजयसिंहांना माझा नमस्कार सांग आणि टाकीबद्दल माफी माग.

तुला वाटत असेल, अप्पा अडून का बसलेत. एकदाच लिहितो. साठ वर्षं मी रोज सकाळी उठून शेतावर गेलो, ते दर वेळी काम असायचं म्हणून नव्हे. काल बघितलेलं आज किती वाढलं, ते बघायला जायचो. तुझी अव्वा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेलो होतो. लोकांनी नावं ठेवली. मला तेवढंच येत होतं. तुझ्याकडे सगळी सुखं आहेत, लेकी, पण सकाळी उठून मी बघू काय?

बाकी काही शंका, केवळ माहितीसाठी. बाजूला पाडायची भोकं किती, दोन की चार? करंगळी जाईल एवढी, की त्याहून बारीक? नारळाचा भुसा गडहिंग्लजात मिळतो का? तो भिजवून घालायचा की कोरडा? बाईंना विचारून कळव. घाई नाही, पण या आठवड्यात कळव.

आशीर्वाद पुरून उरतील इतके आहेत.

अप्पा


कसबा बावडा
९ मार्च २०२५

तीर्थरूप अप्पांस,
सा. न. वि. वि.

बाळासोदादा मोटारीचा सुटा भाग न्यायला कोल्हापुरात आला होता. त्याच्याबरोबर डझनभर वांगी पाठवली आहेत. आपल्या गच्चीवरचीच. वहिनीला भरून करायला सांगा आणि पोटभर जेवा. म्हणजे तुमची अट पुरी झाली. कधी येता ते लगेच कळवा, खोली रंगवून ठेवते.

घाईत लिहिते आहे. लोभ वाढत्या भाजीसारखा असू द्या.

शिवांजली


गडहिंग्लज
१६ मार्च २०२५

चि. सौ. शिवांजलीस,
आशीर्वाद.

वांगी खाल्ली. चवीला चांगली होती. ज्यानं पिकवली त्याला माझा नमस्कार सांग, कोण असेल तो.

टबातली वांगी एका मापाची येत नाहीत. एक बोटाएवढं, एक मुठीएवढं, एक वाकडं, असं चालतं. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. तू पाठवलेली बाराच्या बारा एका मापाची होती. देठं विळ्यानं सरळ कापलेली. तुझ्या घरात विळा आहे का? आणि पिशवीच्या तळाला भाताच्या पेंढ्याची काडी निघाली. तुमच्या गच्चीवर भातही होतो, हे आधी का कळवलं नाहीस?

रागावलो नाही. लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तू माझी सही केली होतीस, तीसुद्धा यापेक्षा बरी जमली होती.

जाता जाता, पांढरी माशी पानामागे बसते तिला बाई काय मारायला सांगतात? माहितीसाठी.

आशीर्वाद होते तेवढेच आहेत, एकही कापलेला नाही.

अप्पा


कसबा बावडा
२३ मार्च २०२५

तीर्थरूप अप्पांस,
सा. न. वि. वि.

वांगी मंडईतून आणली होती. मला लाज वाटते.

खोटं बोलले कारण मला भीती वाटते, अप्पा. गडहिंग्लजचा नंबर फोनवर दिसला की हातातलं काम तसंच टाकून धावते. फेब्रुवारीत तुम्ही अंगणात पडलात, आणि तेही मला वहिनीनंच परवा सांगितलं. तुमच्या हातात म्हणे भरलेली बादली होती. घरात नळ आहे, मोरी आहे, मग या वयात भरलेली बादली घेऊन अंगणात कशाला फिरायचं? इकडे भोकं किती आणि माशी कसली विचारता, आणि पडलात त्याचा एक शब्द लिहीत नाही.

खरा हिशोब असा: आतापर्यंत दोन मुठी मेथी, तीन टोमॅटो, थोडी कोथिंबीर आणि पुदिना मात्र नको म्हणायची वेळ आली इतका. वांग्याला फुलं येतात आणि गळतात. याचं जेवण होत नाही, कोशिंबीर होते. पण सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी गच्चीवर जातेच. काल टोमॅटोला चौथं फळ धरलेलं दिसलं तर धावत खाली येऊन यांना उठवलं. तुम्ही संक्रांतीला जे लिहिलं होतंत ते मला तेव्हा नीट कळलं. तुम्हाला शेतापासून तोडून आणणं हा माझा हट्ट असेल, तर तो चुकीचा असेलही. तरी मी हट्ट सोडत नाही. अट हरले. हरूनही मागते, या.

माशीला कडुनिंबाचं तेल, साबणाच्या पाण्यात मिसळून, उन्हं उतरल्यावर.

तुमच्या मायेला लायक नसले तरी मालकीण मीच आहे.

शिवांजली


गडहिंग्लज
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळचं पत्र बाळासोला वाचायला दिलं नाही. एकट्यानं वाचलं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

तू खरं बोललीस, आता मी बोलतो. संक्रांत झाल्यावर रंगाची एक रिकामी बादली घेतली. क्लासच्या बाई सांगतात ते खोटं ठरवावं, म्हणून. तू लिहिलंस तशी बाजूला भोकं पाडली, भुसा मागवला, रोपवाटिकेतून वांग्याचं रोप आणून लावलं. मरेल आणि मग तुला लिहीन, असं ठरवलं होतं. ते मरेना. म्हणून दुसरी बादली घेतली, मग तिसरी. एका बादलीत मळीही घातली, आपल्या शेतातल्या मुरलेल्या ढिगातली. तिच्यातलं झाड सगळ्यांत मोठं झालंय, हे बाईंना जरूर सांग. फेब्रुवारीत हातात होती ती बारावी बादली. तिच्यात पाणी नव्हतं, मिरचीचं झाड होतं. मिरची गेली, मला काही झालं नाही. तेव्हापासून बादल्या बाळासो उचलतो.

हे काम स्टुलावर बसून होतं. वाकावं लागत नाही, बांध चढावा लागत नाही. सकाळी चहा घेतला की मी अंगणात जातो आणि ऊन चढेपर्यंत तिथंच असतो. परवा बाळासो ओरडून म्हणाला, की काका, शेताकडं कवा येनार, ऊस इचारतोय. तेव्हा लक्षात आलं, दोन महिने मी शेतावर गेलोच नव्हतो. आणि मला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. शेत सुटलं म्हणून वाईट वाटत होतं, की सुटलेलं कळलंही नाही म्हणून, ते सांगता येत नाही.

शेत उचलून आणता येत नव्हतं, शिवांजली, म्हणून मी अडून बसलो होतो. बादल्या उचलता येतात.

२९ तारखेला मंगळवारी बाळासोच्या टेम्पोतून येतो. बसवजयंती तुमच्याकडे. अकरा बादल्या आहेत, विजयसिंहांना विचारून कोपरा वाढवून घे, वास येणार नाही याची हमी माझी. पहिल्या दिवशीचं जेवण दोघांचं मिळून करू, वांगी माझी आणि कोशिंबीर तुझी. बाजारातलं पान तरीही चालणार नाही. तुझी फुलं गळतात ती तू पाणी फार घालतेस म्हणून गळत असणार, येऊन बघतो.

खोली रंगवू नकोस. फक्त खिडकीतून गच्चीचा जिना दिसेल अशी खाट लाव.

तुझी माया आता समोर बसूनच घेईन, लिहून मागायचं काम संपलं.

अप्पा

ता. क. घराला दोन किल्ल्या आहेत. निघताना दोन्ही बाळासोच्या बायकोकडे देऊन येतो.