एकोणिसावा क्रमांक मिळण्याबाबत

प्रति,
मा. स्पर्धा संचालक,
ग्रेट प्रेअरी प्रोटोटाइप मालिका,
केटल हिल शर्यतमार्ग, विस्कॉन्सिन.

विषय : गट-२ बंद करून माझी गाडी क्र. ४७ गट-१ मध्ये घेण्याबाबत, तसेच शर्यत क्र. ६ मध्ये मला एकोणिसावा क्रमांक देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले अभिनंदनपत्र, दि. ३१ जुलै २०२३.
२) मालिकेचे नियम, कलम १४ (ख).

महोदय,

१. मी व्यवसायाने गुरांचा डॉक्टर असून माझे वय एकसष्ट वर्षे आहे. गेली नऊ वर्षे मी आपल्या मालिकेत नियमित भाग घेत आहे. मोठ्या शर्यतीच्या आधी, शनिवारी सकाळी, प्रेक्षक गाड्या लावायला जागा शोधत असताना आमची पाऊण तासाची शर्यत होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार मी जिंकतो याबद्दल आहे.

२. जुन्या बांधणीच्या गाड्यांसाठी आपण गट-२ सुरू केला (दोन्ही गट एकाच वेळी धावतात, निकाल मात्र वेगळे लागतात) तेव्हा त्यात अकरा गाड्या होत्या. मागील हंगामात तीन उरल्या : श्री. ग्लेन पुहाल्स्की, श्री. रॉस डीट्झ व मी. आमच्यात कोण पुढे येईल हे शेवटच्या वळणापर्यंत ठरत नसे. रॉस हरला की आमच्या तंबूत येऊन आमचेच सॉसेज खात म्हणायचा, "डॉक्टर, आज गाय आडवी आली असती तरी तू थांबला नसतास!" हिवाळ्यात ग्लेनने गाडी विकली व तो मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला. रॉसच्या डोळ्याच्या पडद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्याला शर्यतीस कायमची मनाई केली. अशा रीतीने यंदा गट-२ मध्ये मी एकटा आहे.

३. कलम १४ (ख) नुसार तीनपेक्षा कमी गाड्या असल्यास स्वतंत्र गट ठेवता येत नाही. परंतु "ज्येष्ठ स्पर्धकाचा मान राखावा" या सद्भावनेने आपण विशेषाधिकारात मला सूट दिलीत. आपल्या हेतूबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. तथापि त्याचा परिणाम पुढे नम्रपणे मांडतो.

४. मे महिन्यापासून मी प्रत्येक शर्यतीत पहिला आलो. तीन पायऱ्यांच्या मंचावर मधल्या, सर्वांत उंच पायरीवर उभा राहतो. डावीकडे कोणी नसते, उजवीकडे कोणी नसते. छायाचित्रकार सवयीने म्हणतो, "जरा जवळ जवळ या!" आणि मग त्याचे त्यालाच ओशाळल्यासारखे होते. माझी पत्नी डोरिन शर्यतीत रेडिओवरून मला सूचना देते. जूनमध्ये ती म्हणाली, "वेंडेल, तुझ्या गटात पुढे कोणी नाही, मागेही कोणी नाही. सावकाश ये." सुरक्षिततेच्या दृष्टीने सूचना योग्यच होती. मी सावकाश आलो, आणि पहिलाच आलो.

५. दि. २२ जुलै रोजी मी हरण्याचा प्रयत्न केला, हे येथे कबूल करतो. दहा मिनिटे बाकी असताना गाडी आत आणून बंद केली, हेल्मेट काढले व खुर्चीवर बसलो. डोरिनने विचारले, "काय बिघडलं?" मी म्हटले, "काही नाही." नियमानुसार ठरावीक अंतर मी आधीच पूर्ण केलेले असल्याने मला विजेता घोषित करण्यात आले. नऊ दिवसांनी आपले संदर्भीय पत्र आले. "सलग चौथ्या झुंजार विजयाबद्दल हार्दिक अभिनंदन." डोरिनने ते मोठ्याने वाचले. 'झुंजार' शब्दाशी ती थांबली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी घरीच राहू या का रे?" मी पत्राची घडी घातली. उत्तर द्यायचे तर 'हो' म्हणावे लागले असते.

६. आता शर्यत क्र. ६, दि. १६ सप्टेंबर. पंधराव्या मिनिटाला भुरभुर सुरू झाली. सर्व गाड्या पावसाळी टायर लावायला आत गेल्या, पण पुढे ऊन पडेल असे समजून मी बाहेरच राहिलो. ऊन पडले नाही. माझ्यासारखाच चुकीचा हिशेब आणखी एकीने केला होता : गट-१ मधील गाडी क्र. ८, कु. मारिसेला ओचोआ, वय चोवीस, पहिलाच हंगाम. बाकीचे सतरा जण नव्या टायरवर आम्हाला मागे टाकून निघून गेले, आणि ओल्या रस्त्यावर आम्ही दोघे घसरत, सावरत, सर्वांच्या शेवटी राहिलो. सरळ रस्त्यावर ती पुढे जाई, वळणावर मी तिला गाठत असे. असे अकरा फेऱ्या चालले. डोरिन रेडिओवर ओरडत होती, "उजवीकडे! उजवीकडून येतेय ती! अरे, बंद कर जागा!" महोदय, तिला असे ओरडताना मी वर्षभरात ऐकले नव्हते. शेवटच्या वळणावर मी उशिरा ब्रेक लावला, ती माझ्याहूनही उशिरा लावून आतून निसटली. मी हरलो. अंतर एका गाडीइतके होते.

७. हेल्मेटही न काढता ती आमच्या तंबूत आली. "आजोबा, आरसा लावलाय तो शोभेला का? अकरा फेऱ्या अडवून धरलंत मला!" डोरिनने तिच्यापुढे तळलेल्या चीजची थाळी सरकवली. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून माझे नाव पुकारले गेले : गट-२, प्रथम क्रमांक.

८. मी मंचावर जाऊन, कु. ओचोआ हिलाही वर बोलवावे, अशी विनंती तेथील व्यवस्थापकांना केली. त्यांनी कागद पाहून सांगितले की त्या गट-१ मध्ये अठराव्या आहेत, तुमचा त्यांच्याशी संबंध नाही, तुम्ही दोघे एका शर्यतीत नव्हतात. मी चषक घेतला नाही. तो अजून आपल्या कार्यालयात असावा.

९. सबब विनंती की, गट-२ तात्काळ बंद करण्यात यावा, माझी गाडी गट-१ मध्ये घ्यावी व शर्यत क्र. ६ चा निकाल एकत्रित धरून मला एकोणिसापैकी एकोणिसावा क्रमांक देण्यात यावा. माझी गाडी मंद असल्याने गट बंद होताच मलाही वगळावे, असा अभिप्राय आपल्या तांत्रिक समितीने दिल्याचे माझ्या कानावर आले आहे. तसे होऊ शकते, हे जाणूनच हा अर्ज करीत आहे. शेवटचा येईन, पण कोणाच्या तरी मागे येईन, एवढीच संधी मिळावी.

१०. व्यवस्थापकांचे उत्तर कु. ओचोआ मंचाखाली उभी राहून ऐकत होती. हातात चीजचा तुकडा तसाच होता. तिने वर माझ्याकडे पाहून विचारले, "मग मी हरवलं कुणाला?" आपल्या कार्यालयाकडून तिला लेखी उत्तर मिळावे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,

(स्वाक्षरी)
डॉ. वेंडेल टॉर्गरसन
चालक, गाडी क्र. ४७
दि. २० सप्टेंबर २०२३

सोबत : १) शर्यत क्र. ६ ची फेरीनिहाय वेळपत्रके, दोन्ही गाड्यांची.
२) कु. मारिसेला ओचोआ यांचे स्वहस्ताक्षरातील निवेदन (एक ओळ).