सोफ्यावरची उशी

तू कामावरून येशील तोवर मी विमानात असेन. माझा नवरा म्हणून केलेला तुझा या देशात कायम राहण्याचा अर्ज अजून लोंबकळतोय; निकालाआधी देशाबाहेर पाऊल टाकलंस की तो बाद. म्हणून आईंच्या ऑपरेशनला लेकाऐवजी सून जातेय. त्यांना रोज फोन कर, मला नाही केलास तरी चालेल.

आपला संसार खरा आहे का, हे बघायला अर्जवाल्यांचा माणूस कधीही टपकेल. माझ्या चपला दाराशी आणि ब्रश पेल्यात मुद्दाम ठेवलाय. उगाच आवराआवर करू नकोस. आणि महिनाभर सोफ्यावर पडलेली तुझी उशी आत नेऊन ठेव. त्या माणसासाठी.

मी परत आले की ती पुन्हा बाहेर आणू नकोस. दमलेय रे मी.