गॅडसन सरांच्या हजेरीतलं माझं नाव

प्रिय आई,

तुझ्या भटक्या ट्रेमेनकडून भरपूर प्रेम. मी टेक्सासात मजेत आहे. जत्रेतले पाळणे उभारतो, पोटभर जेवतो. इथल्या मक्याच्या पावाला तुझ्या हातची चव नाही, पण ते असो. तुझा गुडघा कसा आहे?

काल पाळण्याच्या रांगेत जार्विस भेटला, कामानिमित्त इकडे आला होता. आपल्या चर्चच्या तळघरात गॅडसन सर काळ्या पोरांचा शनिवारचा वर्ग घ्यायचे ना, तिथे तो माझ्या शेजारी बसायचा. आता इंजिनियर झालाय, आणि त्याच वर्गात गणित शिकवतो. मला बघून म्हणाला, "काय रे पळपुट्या, अजून वाटेवरच का?" मी हसलो. मग त्याने सांगितलं, सर मार्चमध्ये गेले.

सर गैरहजर पोराचं नाव कधी गाळत नसत. नाव घेतलं की बाकीच्यांनी ओरडायचं, "वाटेवर आहे, सर!" शेवटच्या शनिवारपर्यंत ते माझं नाव घेत होते म्हणे. मी परीक्षा न देताच पळालो, तेव्हापासून चार वर्षं! नवी पोरं मला ओळखतही नव्हती, तरी ओरडायची. "त्याच्या आईने सांगितलंय, यंदा परीक्षेला येतोय," असं सर त्यांना सांगायचे.

आई, मी सगळ्यांदेखत रडलो गं. तू त्यांना खरं का नाही सांगितलंस, हे विचारायलाच लिहायला बसलो होतो. पण खरं तुला तरी कुठे माहीत होतं? फोन ठेवताना दर वेळी मीच म्हणायचो, "येतो."

आज तो शब्द लिहवत नाही.

तुझाच,
ट्रेमेन