मामी कुणाच्या कार्डावर बसतात?

फुलंब्री,
शनिवार

चि. बिरूस दाजीचे पोटभर आशीर्वाद. (खरं तर तुला सुभेदारसाहेब म्हणून सॅल्यूट ठोकायला हवा, कारण मी हवालदार म्हणूनच घरी आलो. पण बहीण दिलेल्या घरात हुद्दा चालत नाही, नातं चालतं. तेव्हा आशीर्वाद घे आणि गप्प बस.) इकडं आम्ही सगळे बरे आहोत. माझा गुडघा पाऊस यायच्या आधी कुरकुरतो, तुझी अक्का पाऊस येऊन गेल्यावरही कुरकुरते. तुझं घरदार कसं आहे? शुगर तपासतोस का? फोनवरच विचारलं असतं, पण तू ‘दाजी, ड्यूटीवर आहे’ म्हणून ठेवून देतोस. रिटायर झालेल्या माणसाला एवढी ड्यूटी कुठून मिळते ते मलाही एकदा सांग, म्हणजे मीही तुझ्या अक्काला सांगेन.

पत्राला कारण तुझ्या आईचे डोळे. मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय आणि चांगलाच पिकलाय. परवा अंगणातल्या काळ्या पाण्याच्या टाकीला त्यांनी ‘हुबं काय ऱ्हायलाय पाव्हणं, शेरडांना चारा टाका’ म्हणून झापझाप झापलं. मी तेव्हा गोठ्यात चाराच टाकत होतो. अक्का म्हणते, एवढं निमूट ऐकून घेणारा जावई मामींना पहिल्यांदाच भेटला. त्याच आठवड्यात पोस्टमन फकिरा खाकी कपड्यात दारात आला, तर मामींनी त्याला बिरू समजून तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि बसवून पिठलं-भाकरी खाऊ घातली. बिचारा शेजारच्यांचा पत्ता विचारायला आला होता. लाजत लाजत जेवला.

मी म्हटलं, आयुष्य फौजेत काढलं, आता हा आरोग्य विमा समजून घ्यायला असा किती वेळ लागणार? लागतो, बिरू. आधी गावातला विमा एजंट रामकिसन याला बोलावलं. त्यानं बाजेवर बसून मामींना गोडीनं विचारलं, आजी, काही जुनं दुखणं? मी त्याच्या पाठीमागं उभा राहून ‘नाही म्हणा’ अशा खुणा करत होतो. (मामींना दिसत नाही म्हणूनच तर हा खटाटोप चाललाय, हे त्या घाईत मी विसरलो.) मामींनी डोळे सांगितले, शुगर सांगितली, बीपी सांगितला, लग्नाआधी चावलेला विंचू सांगितला, आणि एवढा लिहून घेणारा माणूस पुन्हा कधी भेटणार म्हणून तुझ्या वारलेल्या वडिलांचा दमाही सांगून टाकला. रामकिसननं पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, पॉलिसी निघेल, पण आधीपासूनच्या दुखण्याला काही वर्षं थांबावं लागतं. झालं! मामी म्हणाल्या, ‘म्हंजी मी थांबायचं, दुखण्यानं नाय? आन् तवर मी थांबती का नाय, ते कुणी इचारलं?’ रामकिसन चहा न घेताच उठला. जाताजाता मलाच पॉलिसी चिकटवत होता. मी म्हटलं, माझ्याकडं फौजेचं कार्ड आहे. तर म्हणतो, असू द्या, दोन छत्र्या असल्या म्हणून काय बिघडतं?

मग आमच्या पोराच्या कारखान्याचं कार्ड. तो चितेगावला कामाला आहे. त्यानं विचारून सांगितलं की त्याच्या कार्डावर आई बसते, आईची आई बसत नाही. म्हणजे उरलं आपलं माजी सैनिकांचं कार्ड. मंगळवारी मामींना घेऊन संभाजीनगरला छावणीत गेलो. बसमध्ये त्यांना नीट पढवलं, की विचारलं तर जावई म्हणायचं नाही, मुलगा म्हणायचं. (आपल्यात सासू म्हणजे आईच की! यात खोटं ते काय?) खिडकीतल्या माणसानं विचारलं, या तुमच्या आई का? मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो. मामींना ते खपलं नाही. ‘आई? ह्याची? आवं, ह्यो जावई हाय माजा! पोरगं माजं नाशकाला ऱ्हातंय, सुभेदार हाय सुभेदार!’ हे शेवटचं इतक्या खणखणीत आवाजात, की रांगेतले दोन म्हातारे जवान आपोआप सावधान झाले.

माणूस मोठा भला. हसला आणि समजावून सांगितलं, की माझ्या कार्डावर मी, माझी बायको, नियमात बसणारी मुलं, नि माझे स्वतःचे आईवडील चालतात. सासू चालत नाही. पण मुलगाही फौजेतून रिटायर झालाय म्हणता, तर आई सरळ त्याच्या कार्डावर येते, फक्त ती त्याच्यावर अवलंबून असायला हवी. एवढं बोलून त्यानं मामींनाच विचारलं, आजी, मुलगा सांभाळतो ना?

बिरू, तुला माहीत आहेच. तुझ्या फ्लॅटच्या गॅलरीत मामींनी करडू बांधलं, सोसायटीवाल्यांनी तुला ऐकवलं, तू आईला ऐकवलंस, आणि ती करडू काखेत मारून एसटीनं आमच्याकडं आली. (करडाचं अर्धं तिकीट मागितलं म्हणून कंडक्टरशी भांडली, ते वेगळंच.) त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून तुम्ही मायलेक एका शब्दानं बोललेला नाहीत. आणि ही बाई तर विमा एजंटापुढं विंचूसुद्धा लपवत नाही! आता ही सगळं पाणउताऱ्यासकट सांगणार, म्हणून मी डोळेच मिटले.

‘सांबाळतो,’ मामी म्हणाल्या. ‘लई सांबाळतो. रोज इचारतो, आई, जेवलीस का.’

इतक्या वर्षांत मामींच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. माझ्यासाठी बोलायला सांगितलं तेव्हा त्यांना जमलं नव्हतं.

तेव्हा मुद्द्याचं असं, की तू तिकडं तुझ्या कार्डावर आईचं नाव लावून घे. मामींचा फोटो सोबत जोडलाय. (रागावलेल्या दिसतात, पण फोटोग्राफरनं हस म्हटलं होतं म्हणून.) अक्कानं सांगितलंय की अंगावर दुखणं काढू नकोस. लेकरांना आमची आठवण सांग.

तुझा दाजी,
मल्हारराव
(हवालदार, फौजेतून निवृत्त, गोठ्यात अजून चालू)

ता. क. – कार्डाची तशी घाई नाही. पुढच्या गुरुवारी इथं फुलंब्रीतच मोतीबिंदूचं मोफत शिबिर आहे आणि मामींचं नाव त्यात गेलंय. (हे मला आधीच कळलं असतं, तर वरचं सगळं लिहावं लागलं नसतं. पण आता लिहिलंय तर वाच.) अडचण एकच आहे. मामी म्हणतात, पट्टी सोडताना म्होरं कोण हुबा ऱ्हाणार, ते आदी सांगा. मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाल्या, ‘तुमाला बघाया मी डोळा कापून घिऊ व्हय?’

ता. क. दुसरा – फकिरा आता टपाल असो नसो, रोज भाकरीच्या वेळेला येतो आणि मामींनी ‘बिरू’ म्हटलं की चक्क ‘ओ’ देतो. मी काल त्याला हाकलायला निघालो, तर मामींनी माझा हात धरला. हळूच म्हणाल्या, ‘असू द्या पाव्हणं. त्यो बिरू नाय, ठावं हाय मला. डोळं गेलं म्हून पोटचं पोर वळखू यीत नाय व्हय? पण हाक मारली तर ओ तरी देतो.’